गेलेली वर्षं आणि केडगावची भाकर

आजचं वाचन : योएल २:२१-२७
सोबत वाचा : स्तोत्र २३, मत्तय ६:२५-३४



योएल संदेष्ट्याच्या काळात यहूदावर टोळधाड आली होती. शेतं, द्राक्षमळे, अंजिराची झाडं, सगळं फस्त झालं. मंदिरात अर्पण करायलाही धान्य उरलं नाही. त्या लोकांना देव दुसऱ्या अध्यायात एक अभिवचन देतो. ते सावकाश वाचलं तर एक गोष्ट लक्षात येते. टोळांनी खाल्लं होतं पीक, पण देव भरपाई करणार म्हणतो ती वर्षांची. पीक पुढच्या पावसात पुन्हा घेता येतं. वर्षं कशी परत येणार?

हा प्रश्न मला गेले काही दिवस सोडत नाहीये. आमच्या तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज प्रार्थनाविनंत्या येतात. कुणाची चार वर्षं स्पर्धा परीक्षेत गेली आणि हाती काहीच आलं नाही. कुणाची नोकरी गेलीय, पण घराचा हप्ता थांबलेला नाही. कुणाची कॉलेजची वर्षं वडिलांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकावर संपली. एकीचं ठरलेलं लग्न मोडलं. शब्द वेगवेगळे असतात, पण खालचा प्रश्न एकच असतो. माझा जो काळ गेला, त्याचं देव काय करणार आहे?

आपण पटकन उत्तर देतो की देव दुप्पट देईल, ईयोबाला नाही का दिलं? पण ईयोबाचा शेवटचा अध्याय वाचताना मी नेहमी एका ठिकाणी अडते. गुरंढोरं दुप्पट झाली, नवी मुलं झाली, पण पहिली दहा मुलं काही परत आली नाहीत. मग भरपाई म्हणजे नक्की काय?

याचं उत्तर शोधताना मी पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. रमाबाईंचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीटही काढलं. समाजसुधारक, विदुषी, शारदा सदन, मुक्ती सदन, एवढं पाठ असतं. पण त्यांचं आयुष्य मार्गदर्शन, पुरवठा आणि पुनःस्थापना या तीन शब्दांच्या उजेडात वाचलं, तर ते आपल्या अगदी रोजच्या प्रश्नांशी येऊन भिडतं. आज ते तसंच वाचूया.

टोपलीतलं बाळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथल्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत विद्वान. बाईने संस्कृत शिकायचं नाही असा तो काळ, पण शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यासाठी विरोध सोसला आणि रानात घर करून राहिले. पुढे आईने तेच ज्ञान रमाबाईंना दिलं.

रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे घर सुटलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. बाळाला वेताच्या टोपलीत घालून एका माणसाच्या डोक्यावरून नेलं. तिथून पुढे कित्येक वर्षं या कुटुंबाला कायमचा पत्ताच नव्हता. या देवळातून त्या देवळात जायचं, पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर जगायचं. रमाबाईंना हजारो श्लोक तोंडपाठ झाले. वाटेत लागतील त्या प्रांतांच्या भाषा येऊ लागल्या. शाळेत मात्र त्या एकही दिवस गेल्या नाहीत.

मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. आधी पैसे संपले, मग दागिने गेले, मग भांडीकुंडी. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागायची लाज, अशी त्या कुटुंबाची कोंडी झाली. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजुरांवर काढले. वडील म्हातारे झाले होते, डोळ्यांनी दिसत नव्हतं. जाण्याआधी त्यांनी या धाकट्या लेकीला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला आणि जगलीस तर चांगली वाग, जन्मभर देवाची सेवा कर असं सांगितलं. थोड्याच दिवसांत आई गेली. तिला स्मशानात न्यायला पुरेशी माणसं मिळेनात. शेवटी दोघांना दया आली आणि त्यांच्या जोडीने रमाबाईंनी आणि भाऊ श्रीनिवासने तिरडी उचलली. रमाबाईंची उंची कमी, खांदा पोचेना, म्हणून त्यांनी आपला भार डोक्यावर घेतला. नंतर मोठी बहीणही पटकीने गेली.

मित्रांनो, या मुलीचं वय तेव्हा सोळाच्या आसपास होतं. इथे थोडं थांबूया. टोळांनी खाल्लेली वर्षं म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

रस्ता दाखवणारा

बहीणभाऊ दोघंच उरले. ते चालत राहिले, हजारो मैल. उत्तर पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं. तेव्हा वाळूत खड्डे करून त्यात झोपायचं आणि अंगावर वाळू ओढून घ्यायची, अशाही रात्री त्यांनी काढल्या. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, थक्क झाले आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातच एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबल मिळालं. त्यांनी ते चाळलं, पण भाषा आणि विचार इतके अनोळखी वाटले की त्यात मन लागलं नाही. हा तपशील मला फार आवडतो. आपल्याला वाटतं की देव बोलला की लगेच सगळं लख्ख होतं. इथे पवित्र शास्त्र हातात असूनही काही उमगलं नव्हतं, आणि देव थांबून राहिला.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोघांनाही खूप काही ऐकून घ्यावं लागलं. आसामात सिलचरला संसार मांडला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमाचा जन्म झाला. या घरात पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली आणि या वेळी मात्र ती त्यांनी आवडीने वाचली. पण ४ फेब्रुवारी १८८२ रोजी मेधावी पटकीने वारले. संसाराला दोन वर्षंही झाली नव्हती. रमाबाई २३ वर्षांच्या, पदरात तान्ही मुलगी, आणि आता विधवा.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज सुरू केला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली, इंग्रजी शिकल्या. या देशातल्या बायकांना बाई डॉक्टर हवी, तेव्हा आपण वैद्यकीय शिक्षण घ्यावं, या विचाराने १८८३ साली मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या.

आणि तिथे दार बंद झालं. कानांनी नीट ऐकू येईना, त्यामुळे डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. समुद्र ओलांडला होता, आप्तस्वकीय दुरावले होते आणि ज्यासाठी आलो तेच होणार नव्हतं. आपल्यापैकी कितीतरी जण या जागी उभे आहेत. ज्या कोर्ससाठी घर सोडलं तोच अर्धवट राहिला. ज्या शहरात ज्या नोकरीसाठी आलो तीच गेली.

पण त्याच इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम इथलं एक निवासस्थान दाखवलं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने सांभाळत होते. या बायकांसाठी कुणी एवढं का करतं, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर भरदुपारी एकटी आलेली ती बाई आणि तिच्याशी आदराने बोलणारा येशू. इतकी वर्षं इतके ग्रंथ पाठ केलेल्या रमाबाईंना इथे कुणीतरी नवं भेटलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि छोट्या मनोरमाचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतरचा रस्ताही त्यांनी आखलेला नव्हता. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार म्हणून त्यांच्या पदवीदानाला रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. जाताना थोड्या दिवसांचा बेत होता, राहणं झालं दोन वर्षांहून जास्त. तिथे त्यांनी भारतातल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या नावाने एक मंडळ स्थापन झालं आणि त्या मंडळाने बालविधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करण्याचं कबूल केलं. डॉक्टरकीचं दार बंद झालं नसतं तर हे दार त्यांनी वाजवलं असतं का, मला माहीत नाही. एवढं दिसतं की मार्गदर्शन त्यांना पूर्ण नकाशाच्या रूपाने कधी मिळालंच नाही. एका वेळी एक पाऊल, तेही पुष्कळदा अडखळल्यानंतर. स्तोत्र २३ मधला मेंढपाळही मेंढराला पुढचा सगळा रस्ता समजावून सांगत बसत नाही. तो पुढे चालतो.

रोजची भाकर

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढच्या वर्षी शाळा पुण्याला आली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर असे मोठे लोक सल्लागार मंडळात होते.

याच काळात, बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षं झाल्यावर, रमाबाईंच्या मनात एक खळबळ सुरू झाली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ज्याच्या नावाने तो धर्म आहे त्या ख्रिस्ताला ओळखतो का? त्या पुन्हा वचनाकडे वळल्या आणि या वेळी त्यांनी स्वतःला पूर्णपणे प्रभूच्या हाती दिलं. ही गोष्ट त्यांनी आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. रविवारी चर्चला जाणाऱ्या, प्रभुभोजन घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती दोनदा वाचावी अशी आहे.

त्यांच्या या बदललेल्या जीवनाकडे काही मुली ओढल्या गेल्या आणि १८९३ मध्ये वाद पेटला. पालकांना वाटलं, शिक्षणाच्या नावाखाली धर्म बदलला जातोय. केसरीतून कडक टीका झाली. सल्लागारांनी राजीनामे दिले आणि विसेक मुली घरच्यांनी काढून नेल्या. सल्लागार प्रामाणिक माणसं होती, त्यांची काळजीही खरी होती. पण रमाबाईंच्या बाजूने पाहिलं तर वर्षानुवर्षांचं काम एका झटक्यात अर्धं झालं होतं.

त्यात आणखी एक चिंता होती. अमेरिकेतल्या मंडळाची दहा वर्षं १८९८ ला संपणार होती. पुढे काय? रमाबाईंनी व्यवहारी विचार केला. मित्रांच्या मदतीने पुण्याच्या पूर्वेला केडगाव इथे सुमारे १०० एकर जमीन घेतली. तिथे फळझाडं लावायची, उत्पन्न येईल, शाळा चालेल. पुणे-दौंड लोकलने गेलात तर हे केडगाव स्टेशन आजही वाटेत लागतं. तेव्हा तो सगळा कोरडा माळ होता.

त्याच सुमारास त्यांनी जॉर्ज म्युलर, हडसन टेलर यांच्या चायना इनलँड मिशनची आणि जॉन पेटन यांची चरित्रं वाचली. म्युलर यांनी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळली होती, कुणाकडे हात न पसरता, फक्त प्रार्थनेत देवाकडे मागून. रमाबाईंना प्रश्न पडला, हाच देव भारतातही असाच पुरवठा करणार नाही का?

१८९६ मध्ये त्या लोणावळ्याच्या शिबिराला गेल्या. बरोबर विश्वासात आलेल्या १५ मुली होत्या. एका पहाटे रानात बसून त्यांनी मागितलं की पुढच्या शिबिरापर्यंत प्रभूने या संख्येचा वर्ग करावा. पंधराचा वर्ग २२५. तेव्हा शारदा सदनात सगळ्या मिळून पन्नासही मुली नव्हत्या! एवढ्या मुली येणार कुठून, याची त्यांना काहीच कल्पना नव्हती.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

आता हा प्रसंग नीट पाहा. बातमी आली तेव्हा रमाबाईंपुढे वीसेक वर्षांपूर्वीचे ते दिवस उभे राहिले. भूक म्हणजे काय, घर गेलेल्या तरुण मुलीवर वाटेत काय काय संकटं येतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या स्वतः तिकडे गेल्या. मदत केंद्रांत, रस्त्यांवर हाडांचे सापळे झालेल्या मुली होत्या आणि त्यांना फसवून न्यायला टपलेली माणसंही होती. अमेरिकेतल्या मंडळाचा पैसा शारदा सदनातल्या बालविधवांसाठी होता. दुष्काळातल्या मुलींसाठी कसलाही निधी नव्हता. तरी त्यांनी सुमारे ३०० मुलींना सांभाळायचं ठरवलं आणि मुली आणायला सुरुवात केली.

पुण्यात आणून ठेवणार कुठे? त्याच वेळी पुण्यात प्लेग आला आणि शहरात इतक्या जणींना एकत्र ठेवण्यावर बंदी आली. तेव्हा केडगावचा तो माळ उपयोगी पडला. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू उभे राहिले, झोपड्या उभ्या राहिल्या. जागा उत्पन्नासाठी घेतली होती, झाली आसऱ्यासाठी. तिचं नाव ठेवलं मुक्ती.

१९०० साली गुजरातेतल्या दुष्काळातूनही शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतली संख्या २,००० च्या जवळ गेली. ठरावीक उत्पन्न नाही, कुणाचं लेखी वचन नाही. जरा हिशेब करून बघा. आपल्या पीजीत सहा जणींचा महिन्याचा किराणा भरताना आपली दमछाक होते. इथे सकाळ-संध्याकाळ दोन हजार ताटं. रमाबाईंनी गरज प्रभूपुढे मांडली आणि गरज भागत गेली, कधी इथून, कधी परदेशातून, कधी अगदी गरिबांच्या हातून.

पण एक गोष्ट विसरू नका. विश्वासाने जगणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं मुक्तीत कधीच नव्हतं. शेती होती, विहिरी खणल्या होत्या, दुभती जनावरं होती. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुली आणि बायका चालवत. कालपर्यंत भुकेने मरायला टेकलेली मुलगी खिळे जुळवून पुस्तकं छापत होती. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू आकाशातल्या पाखरांकडे बघायला सांगतो. पाखरं पेरत नाहीत, साठवत नाहीत, हे खरं. पण सकाळी उठून उडतात तर रोज! रमाबाईंचा विश्वास मला असा दिसतो. सकाळी गुडघ्यांवर, दिवसभर कामात.

वाया न गेलेली वर्षं

आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे येऊ. रमाबाईंची गेलेली वर्षं देवाने परत दिली का?

आई-वडील परत आले नाहीत. बहीण, भाऊ, पती, कुणीच परत आलं नाही. ऐकू येणंही परत आलं नाही. त्या अर्थाने भरपाई झालीच नाही. पण त्यांच्या आयुष्यातलं एकेक वाया गेलेलं वर्ष हातात घेऊन पाहा.

रानावनात भटकण्यात बालपण गेलं. त्या भटकंतीने त्यांना अनेक भाषा दिल्या आणि देशभरातल्या बायकांची दुःखं जवळून दाखवली. वडिलांनी विरोध सोसून बायकोला आणि तिने लेकीला संस्कृत दिलं. दुष्काळात त्या विद्येने पोटही भरलं नव्हतं. पण भाषेत खोल उतरायची तीच सवय पुढे कामी आली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर करायला बसल्या. पुढची जवळपास १८ वर्षं त्या हे काम करत राहिल्या, आणि ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीतल्याच बायकांनी. वैधव्याने त्यांना बालविधवांच्या शेजारी नेऊन बसवलं. फुलहॅमला जे पाहिलं त्याचं केडगावात कृपा सदन झालं, जिथे समाजाने टाकलेल्या बायकांना घर मिळालं. वडिलांचे गेलेले डोळे त्यांनी लहानपणी पाहिले होते. मुक्तीत अंधांची शाळा उभी राहिली आणि मनोरमा स्वतः ब्रेल शिकून तिथे शिकवू लागली.

आणि ते अकरा दिवस? पाणी आणि झाडपाल्यावरचे? त्या दिवसांनी त्यांना जे डोळे दिले त्या डोळ्यांनीच त्यांनी १८९६ साली त्या मुली पाहिल्या. दुष्काळात जिला कुणी जेवू घातलं नव्हतं, तिच्या हातून देवाने दुष्काळातल्या मुलींना जेवू घातलं.

मला योएलच्या त्या अभिवचनाचा अर्थ इथे कळतो. गेलेली वर्षं देव कॅलेंडरमध्ये परत आणून चिकटवत नाही. तो ती वर्षं आपल्या हाती घेतो आणि त्यांची भाकर करतो. ती भाकर पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या ताटात जाते. आणि वाढता वाढता आपलंही पोट भरतं, हे वाढणाऱ्यालाच कळतं.

अर्थात, एवढं म्हणून ही गोष्ट गोड करून संपवता येत नाही. मनोरमा हीच पुढे मुक्तीचा भार सांभाळणार, असं सगळ्यांना वाटत होतं. जुलै १९२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, मिरजेला तिचं निधन झालं. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या, प्रकृती खालावलेली. त्यांची एकुलती एक मुलगी, सिलचरपासूनची सोबतीण, त्यांच्या आधी गेली.

इथे मला काही समजावून सांगता येत नाही, आणि सांगण्याचा प्रयत्नही मी करणार नाही. एवढंच दिसतं की रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. भाषांतराचं काम त्या अखेरच्या दिवसांपर्यंत करत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मुक्तीचं काम त्यांच्यानंतरही चालू राहिलं, आजही केडगावात चालू आहे. सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली म्हणून त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. ज्याने इतक्या लांब हात धरून आणलं, तो शेवटच्या वळणावर हात सोडणार नाही, एवढं त्यांना पुरलं.

आज आपल्यासाठी

तुमची कोणती वर्षं टोळांनी खाल्ली? आज एका कागदावर ती लिहा. मोबाइलमध्ये नको, कागदावरच. दोन वर्षं बेरोजगारी, एक वर्ष डिप्रेशन, मोडलेलं नातं, जे असेल ते. मग त्या प्रत्येकासमोर एक प्रश्न लिहा : यातून मला कुणाचं दुःख ओळखता यायला लागलं? ज्याची नोकरी गेली त्यालाच सकाळी दहा वाजता घरी बसलेल्या मित्राला फोन करायचं सुचतं. जिने हॉस्पिटलच्या बाकावर रात्री काढल्या तिलाच दुसऱ्याच्या नातेवाइकांसाठी डबा न्यायचं सुचतं.

कदाचित तुमच्या कागदावर काही ओळींपुढे आज काहीच लिहिता येणार नाही. तिथे जागा रिकामी ठेवा. जबरदस्तीने अर्थ लावू नका. रमाबाईंनाही सोळाव्या वर्षी केडगाव दिसत नव्हतं.

आणि आजच्या गरजेसाठी फक्त आजचं मागा. हप्ता, फी, औषधं, भाडं, जे असेल ते नाव घेऊन मागा. मागून झालं की उठा आणि हातात असलेलं काम करा.

प्रार्थना :
हे स्वर्गीय पित्या, आमची गेलेली वर्षं तुला ठाऊक आहेत. आम्ही मोजत बसतो त्याहून तू ती नीट मोजली आहेस. जे दार बंद झालं त्यापुढे आम्ही रडत बसलो आहोत, आमचा हात धर आणि पुढचं एक पाऊल दाखव. आजची भाकर दे, आणि ती वाटून खायला कुणीतरी दे. ज्यांचं माणूस गेलंय आणि ज्यांच्याकडे आज काहीच उत्तर नाही, त्यांच्याजवळ तू स्वतः बस. आमचं दुःख वाया जाऊ देऊ नको. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : योहान ४:१-२६. विहिरीवरच्या त्या बाईला उद्या आपणही भेटूया.

प्रभू तुमच्याबरोबर असो.